चर्चच्या ग्रुपने पुराच्या गावात गाळ काढायला जायचं असेल तर: फोन करण्यापासून परत येईपर्यंत

दर पावसाळ्यात कुठेतरी पूर येतो आणि आम्हाला ठाणे, ऐरोली, कळवा, खारघर अशा ठिकठिकाणच्या चर्चच्या मंडळ्यांमधून फोन येतात की ताई, आमचा टेम्पो भरून तयार आहे, आता कुठे नेऊ? टेम्पो आधी भरला आणि गाव नंतर शोधताय, सगळं इथेच उलटं झालेलं असतं. मी आमच्या मंडळीच्या मदत ग्रुपचं काम बघते, २०१९ ला उल्हास नदीचं पाणी शिरलं तेव्हा बदलापूर बाजूला गेलो होतो आणि जुलै २०२१ ला महाडला, आणि प्रत्येक वेळी मनापासून आलेली माणसं पण क्रम चुकल्यामुळे नुकसान करून जाताना बघितली, त्यात सुरुवातीला आम्हीही होतो. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय. प्लीज क्रम बदलू नका.

१. आधी फोन, मग निर्णय

पाणी ओसरल्याची बातमी आली की लगेच निघायचं नाही. पहिले दोन-तीन दिवस एनडीआरएफ, पोलीस आणि तिथलेच लोक माणसं शोधत असतात, रस्ते मोकळे करत असतात. तेव्हा आपल्या दोन गाड्या म्हणजे अँब्युलन्सच्या वाटेतला अडथळा. २०२१ ला महाडमध्ये २२ जुलैला पाणी भरलं, त्याच संध्याकाळी त्याच तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, आणि आमचे तरुण संघाचे पोरं रात्रीच निघायचं म्हणत होते. पाळकसाहेबांनी थांबवलं. सोमवारी २६ तारखेला पहाटे निघालो आणि तेच बरोबर ठरलं.

थांबायचं म्हणजे बसून राहायचं नाही, तर हे फोन करायचे:

- जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष, नंबर १०७७. हा त्या त्या जिल्ह्यात लागतो, म्हणून ठाण्यातून रायगडचा हवा असेल तर एसटीडी कोड लावून करा किंवा कलेक्टर ऑफिसच्या वेबसाईटवरचा नंबर घ्या.
- तहसीलदार ऑफिस किंवा नगरपरिषद. कुठल्या वॉर्डात अजून कोणीच पोचलेलं नाही, हे त्यांना माहीत असतं.
- गावातला एक माणूस. सरपंच, शाळेतले सर, आशाताई, तिथल्या मंडळीचे कोणी, जो असेल तो, पण एक नाव आणि एक नंबर हवाच.

या तिसऱ्या माणसाला तीनच प्रश्न विचारा: किती घरांत गाळ आहे, पाणी आणि लाईट आहे का, आणि आम्ही काय *आणू नये*. शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही. आम्हाला महाडहून उत्तर आलं, "जुने कपडे नको, बिस्किटं नको, फावडी आणि माणसं पाठवा." तोवर आमच्याकडे अकरा पोती कपडे जमले होते.

> तपासा: गावातल्या एका माणसाचं नाव, त्याचा होकार आणि घरांची यादी हातात आहे का? नसेल तर निघू नका.

२. टीम: कोण येणार, कोण नाही

एका घराला आठ जण, हा आमचा हिशोब. सोळा जण असतील तर दोन टीम करा, सोळाच्या सोळा एका घरात घुसवू नका, अर्धे नुसते उभे राहतात आणि मग मोबाईल काढतात. प्रत्येक टीमला एकच प्रमुख आणि त्याने "थांबा" म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं, मग तो वयाने लहान असला तरी.

ज्यांच्या पायाला जखम आहे, डायबेटिस आहे, दमा आहे, ज्या प्रेग्नंट आहेत, आणि अठराच्या आतली मुलं, यांना गाळात नेऊ नका. त्यांना वाईट वाटतं, माहितीये, पण ठाण्यात बसून करायची कामं तितकीच आहेत, म्हणजे फोन, हिशोब, सामानाचं पॅकिंग, आलेल्यांच्या घरच्यांना संध्याकाळी निरोप देणं. आमच्या महिला संघातल्या एका आजींनी तीन दिवस फक्त फोन सांभाळला आणि त्या नसत्या तर आमचं काहीच जमलं नसतं.

निघण्याआधी डॉक्टरकडे एक चक्कर हवी, दोन कारणांसाठी. एक धनुर्वाताचं इंजेक्शन, आधीचं कधी घेतलं हे आठवत नसेल तर त्यांना विचारून घ्या. दुसरं लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप. उंदीर-गुरांच्या लघवीतून त्याचा जंतू पुराच्या पाण्यात येतो आणि पायावरच्या छोट्याशा ओरखड्यातूनही शरीरात जातो. त्यासाठी डॉक्सिसायक्लिनची गोळी देतात, पण कोणाला द्यायची, किती आणि कधी हे डॉक्टर ठरवतील, मेडिकलमधून स्वतःच घेऊन ग्रुपमध्ये वाटत बसू नका, गरोदर बायकांना आणि लहान मुलांना ती चालत नाही.

३. पैसे

यात चर्चचे ग्रुप सगळ्यात जास्त अडकतात म्हणून जरा थांबून वाचा. पैसे कोणाच्याही पर्सनल जीपेवर घेऊ नका, मग तो माणूस कितीही विश्वासाचा असो. चर्चच्या ट्रस्टच्या खात्यावर घ्या, पावती द्या, खर्चाची बिलं एका फाईलला लावा.

परदेशातून पैसे येणार असतील तर जास्त काळजी. आपल्या मंडळीतल्या कोणाचा तरी मुलगा दुबईला असतो, मुलगी कॅनडात असते आणि ते प्रेमाने पाठवतात. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवले तर ते परदेशी देणगी धरत नाहीत. पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलंय, ओसीआय कार्ड असलं तरी, किंवा तिकडच्या चर्चने पाठवले, तर ती परदेशी देणगी आणि त्यासाठी ट्रस्टकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए वाल्या एका संस्थेने ते पैसे दुसऱ्या संस्थेला पुढे देणंही बंद झालंय. म्हणून "त्यांच्या खात्यावर मागवू आणि मग आपल्याकडे घेऊ" हा मार्ग पण नाही. नोंदणी नसेल तर सरळ सांगा की पाठवू नका. देणगीवर इन्कम टॅक्समध्ये सूट मिळेल असंही सीएला विचारल्याशिवाय कोणाला बोलू नका, आणि दोन हजारांच्या वर कॅश दिलेली असेल तर ती सूट तशीही मिळत नाही.

४. सामान

आम्ही ठाण्यातल्या जांभळी नाक्यावरून घेतो, तुम्ही वाशी-तुर्भ्याकडून घ्या, पण ठाण्या-नवी मुंबईतूनच घेऊन निघा. पूर आलेल्या गावात हार्डवेअरचं दुकानही पाण्यातच गेलेलं असतं.

आठ जणांच्या एका टीमला:

- चौकोनी तोंडाची फावडी ४, घमेली १०, खराटे ४, रबराचे मोठे वायपर ४, टिकाव १, पहार १
- प्लास्टिकच्या बादल्या ६, पाण्याचे मग
- प्रत्येकाला गमबूट, जाड रबरी हातमोजे दोन जोड, डोळ्यांना गॉगल, एन-९५ मास्क
- लांब काठी २, हेडलॅम्प, दोरी, ताडपत्री, गोणी
- ब्लीचिंग पावडरचं *सीलबंद* पाकीट
- ओआरएस, फर्स्ट एड, आणि माणशी रोजचं पाच लिटर पिण्याचं पाणी

फावडी टोकदार नकोत, ती लादीत अडकतात आणि लादी उखडतात. गमबूट मापाचेच घ्या, सैल बूट गाळात रुतून राहतो आणि पाय बाहेर येतो, मग खाली काच असली की झालं.

लोकांना द्यायचं सामान गावाने मागितलं तेवढंच न्यायचं. आमच्या अनुभवात चटया, पातेली-तवा-कढई, नवीन आतले कपडे, सॅनिटरी पॅड, मोठ्या टॉर्च आणि गाळ काढायची फावडी-वायपर सगळ्यात जास्त लागले. हत्यारं काम झाल्यावर गावातच ठेवून या.

> सावधान: जुने कपडे नेऊ नका. ओल्या गावात ते ठेवायला जागा नसते, रस्त्याच्या कडेला ढीग होतो, तो पावसात कुजतो आणि तो उचलायचं काम परत त्याच लोकांच्या गळ्यात.

५. प्रवास आणि मुक्काम

ठाण्याहून बेलापूर रोडने कळंबोली, पळस्पे फाट्यावरून गोवा हायवे, महाड साधारण १६० किलोमीटर. पावसात वेळेचा भरवसा धरू नका. पुढे पोलादपूर-खेडकडे जायचं असेल तर कशेडी घाट आणि चिपळूणला जायचं तर परशुराम घाट चालू आहे का ते निघण्याच्या दिवशी सकाळी विचारा, आदल्या रात्रीची माहिती चालत नाही. अंधारात घाटात शिरू नका.

मुक्काम पूरग्रस्त घरात करायचा नाही आणि त्यांच्याकडे जेवायचंही नाही. ते आग्रह करतात, कोकणातली माणसं आहेत, स्वतः उपाशी राहतील पण तुम्हाला चहा देतील. चहा घ्या. जेवण स्वतःचं न्या.

६. घरात पाऊल टाकण्याआधी

हा टप्पा घाईत सगळे सोडतात आणि नुकसान इथेच होतं.

*पंचनामा झालाय का ते विचारा.* तलाठ्याने किंवा नगरपरिषदेच्या माणसाने पंचनामा केलेला नसेल आणि तुम्ही घर चकाचक करून टाकलंत तर त्या घराचं काय नुकसान झालं हे नंतर कोणाला दाखवणार? पंचनामा व्हायला दिवस लागणार असतील आणि घरात राहणं अशक्य असेल तर आधी फोटो आणि व्हिडिओ काढा, घरमालकाच्याच मोबाईलवर, भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असे, फ्रिज-टीव्ही-शिलाई मशीन सगळ्याचे वेगवेगळे. आणि तलाठ्याला फोन करून विचारून घ्या की साफ केलं तर चालेल ना. दुकान असेल आणि विमा असेल तर सर्व्हेअर यायच्या आधी मालाला हातही लावू नका.

*वीज.* मेन स्विच बंद आहे हे घरमालकाने दाखवल्याशिवाय आत जायचं नाही. मीटर पाण्याखाली गेला असेल तर महावितरणचा माणूस बघेल, आपण नाही. भिजलेला फ्रिज "चालू होतो का बघू" म्हणून लावायचा नाही.

*गॅस.* वास आला तर बाहेर या, स्विच दाबू नका, १९०६ ला फोन करा. वाहून आलेला दुसऱ्याचा सिलेंडर असेल तर तो मोकळ्यावर ठेवून एजन्सीला कळवा.

*साप.* गाळाखाली, कपाटामागे, कौलात, कुठेही. हात घालण्याआधी काठी घाला. दिसला तर मारायचा नाही, सर्पमित्राला बोलवा, वनखात्याचा नंबर १९२६.

*भिंत.* मातीची किंवा जुनी दगडी भिंत फुगलेली, झुकलेली, ताजी भेग पडलेली दिसली तर त्या घरात काम नाही. घरमालक कितीही विनवण्या करो.

*पायाखाली.* अंगणात गाळ सपाट दिसतो पण खाली गटार, संडासच्या टाकीचं वाहून गेलेलं झाकण, पाण्याची टाकी असू शकते. घरच्या माणसाला पुढे ठेवा, काठीने टोचत टोचत जा.

> तपासा: फोटो, मेन स्विच, गॅस, भिंत, काठी. पाचही झाल्याशिवाय फावडं उचलायचं नाही.

७. गाळ काढणं

आधी अंदाज घ्या म्हणजे हिंमत खचत नाही. दहा बाय बाराची खोली आणि त्यात अर्धा फूट गाळ म्हणजे साठ घनफूट, वजन अडीच ते पावणेतीन टनाच्या घरात. पंधरा किलोचं एक घमेलं धरलं तर पावणेदोनशे घमेली, फक्त एका खोलीची. म्हणूनच "एका दिवसात दहा घरं करू" असं कोणाला कबूल करून येऊ नका, आमच्या एका टीमने दिवसाला दोन घरं केली तरी आम्ही चांगलं म्हणायचो.

गाळ ओला असताना काढायचा. दोन दिवस ऊन पडलं की तो सिमेंटसारखा बसतो, मग त्यावर पाणी मारून परत मऊ करत बसावं लागतं. त्यामुळे यादीतलं घर निवडताना जिथे वयस्कर माणसं एकटी आहेत आणि जिथे गाळ अजून ओला आहे ते आधी घ्या.

क्रम असा:

१) दारापासून आत जायला एक वाट मोकळी करा, फक्त दोन माणसं जातील एवढी.

२) सामान बाहेर. प्रत्येक वस्तूला घरच्या माणसाला विचारायचं, ठेवायचं की टाकायचं. *प्रत्येक*. हे मी इतकं का सांगतेय ते सांगते. महाडला पहिल्याच घरात आम्ही जोरात काम चालवलं, एका ट्रंकेतला चिखलाचा लगदा सरळ ढिगावर टाकला, आणि थोड्या वेळाने त्या काकू ट्रंक शोधत आल्या. त्यात त्यांच्या बचत गटाचं रजिस्टर होतं, बारा बायकांचा पै-पैचा हिशोब. आम्ही दोन तास तो ढीग हाताने उपसला. अर्धी पानं मिळाली. काकू काही बोलल्या नाहीत, चहाच दिला. मला आजही ते आठवलं की पोटात कालवतं. तेव्हापासून आमच्या प्रत्येक टीममध्ये एक माणूस फावडं धरत नाही, तो फक्त घरच्यांच्या शेजारी उभा राहून विचारतो आणि तीन ढीग लावतो: ठेवायचं, टाकायचं, नंतर ठरवू.

कागदपत्रं सापडली तर ओली पानं ओढून वेगळी करायची नाहीत, फाटतात. तो गठ्ठा तसाच साध्या पाण्यात हळू धुवा, सावलीत सुती कपड्यावर ठेवा आणि सुटतील तशी पानं सोडवा. फोटो चिकटले असतील तर ते सुकू देऊ नका, स्वच्छ पाण्यात ठेवून मग सोडवा. दागिना किंवा पैसे सापडले तर तिथेच ओरडून सांगा, दोघांच्या समोर घरच्यांच्या हातात द्या, खिशात एक मिनिटही ठेवू नका.

३) आता गाळ, सगळ्यात आतल्या खोलीपासून दाराकडे. माणसांची रांग करा आणि घमेलं हातोहात द्या, अर्धंच भरा, भरलेलं घमेलं पाठ मोडतं. वीस मिनिटांनी फावडेवाला बदला, तो "मी दमलो नाही" म्हणाला तरी.

४) गाळ गटारात ढकलायचा नाही. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. गटार तुंबतं आणि पुढच्या सरीला तेच पाणी परत घरात येतं. जिथून जेसीबी-डंपर उचलेल तिथे रस्त्याच्या एका बाजूला ढीग करा, जागा नगरपरिषदेला किंवा सरपंचांना विचारून. फर्निचर, गाळ आणि कुजलेलं धान्य वेगवेगळं ठेवा.

> सावधान: दर तासाला दहा मिनिटं थांबा, हात धुवा, ओआरएस प्या. कापलं, खरचटलं तर लगेच स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवून त्या माणसाला गाळातून बाहेर काढा, तो दिवस त्याने फोन सांभाळायचा.

८. धुणं आणि ब्लीचिंग

भिंत वरून खाली धुवायची, मग लादी. प्रेशर पंप असेल तर सिमेंटच्या भिंतीवर चालेल, मातीच्या भिंतीवर अजिबात नाही, भिंतच वाहून येते. साबणाच्या पाण्याने घासून गाळ पूर्ण निघाल्यावरच ब्लीचिंग, कारण गाळावर टाकलेलं ब्लीचिंग वाया जातं. दहा लिटर पाण्याला साधारण १५० ग्रॅम पावडर, प्लास्टिकच्या बादलीत, दारं-खिडक्या उघड्या, मास्क-गॉगल लावून. लादीवर आणि भिंतीवर मारा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग धुवा. उघडं पडलेलं जुनं पाकीट वापरू नका, त्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो.

ब्लीचिंगमध्ये अॅसिड, टॉयलेट क्लीनर, फिनाईल काहीही मिसळू नका. अॅसिडबरोबर विषारी वायू निघतो आणि बंद खोलीत माणूस मरू शकतो.

विहिरीचं मात्र स्वतःच्या मनाने करू नका. नेहमीच्या स्वच्छ पाण्याला हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर हा हिशोब असतो, पण पुराच्या गढूळ पाण्याला तो पुरत नाही. आधी विहीर उपसायची, मग ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने किंवा आरोग्य केंद्राच्या माणसाने डोस ठरवायचा, तासभर थांबायचं आणि क्लोरीन तपासून मगच पाणी. तोवर पाणी उकळून.

९. चर्चचा ग्रुप म्हणून वागणं

पत्रिका, पुस्तिका, बॅनर, काहीही नेऊ नका. ज्याच्या घरात चिखल आहे तो तुम्हाला नाही म्हणू शकत नाही, अशा वेळी त्याच्या हातात काही धर्माचं ठेवणं हा त्याच्या अडचणीचा फायदा घेणं आहे, असं मला ठामपणे वाटतं, आणि आमच्या पाळकसाहेबांनीही पहिल्या मीटिंगला हेच सांगितलं. कोणी स्वतःहून म्हणालं की आमच्यासाठी प्रार्थना करा, तर करा, नाहीतर आपली प्रार्थना सकाळी निघण्याआधी आपल्यात. २०२१ ला महाडला गेलो तेव्हा कोविडमुळे चर्च बंदच होती आणि उपासना झूमवर चालायची, आम्ही मुक्कामाच्या शाळेच्या व्हरांड्यात सहा वाजता दहा मिनिटं एकत्र प्रार्थना करायचो आणि कामाला लागायचो.

देऊळ किंवा मशीद साफ करायला सांगितलं तर आनंदाने करा, पण आधी विचारा: बूट कुठे काढायचे, गाभाऱ्यात कोणी जायचं. मूर्ती, देव्हारा, टाक, कुराण, याला आपण हात लावायचा नाही, घरच्यांनी किंवा पुजारी-मौलवींनी उचलून ठेवायचं आणि मग आपण गाळ काढायचा. घरातल्या देवघराचंही तसंच.

वस्तू देताना माणसाचा फोटो काढू नका. देणाऱ्यांना हिशोब हवा असेल तर बिलाचा आणि सामानाचा फोटो पुरतो. आणि घरात नाव-गाव-जात-पक्ष, काही विचारू नका. यादीत पुढचं घर ज्याचं, त्याचं काम.

१०. परत आल्यावर

कपडे-बूट घरात आणू नका, बाहेरच ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवा, अंघोळ साबणाने, पायाच्या बोटांमधलं बघा.

आमच्याकडे टीमची यादी महिनाभर चालू राहते. आजी दर तिसऱ्या दिवशी सगळ्यांना फोन करून एकच विचारतात, ताप आहे का. लेप्टोची लक्षणं बहुतेक एक-दोन आठवड्यांत दिसतात पण महिनाभरानेही येऊ शकतात. ताप, पिंढऱ्या दुखणं, डोळे लाल होणं, यातलं काहीही झालं तर क्रोसिन घेऊन झोपायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं आणि *स्वतःहून सांगायचं* की मी पुराच्या पाण्यात काम केलंय, कारण ठाण्यातले डॉक्टर ते कसं ओळखणार.

हिशोब आठ दिवसांत मंडळीसमोर ठेवा, उरलेले पैसे गावातल्या त्याच माणसाला विचारून खर्च करा. आणि तीन आठवड्यांनी त्याला परत फोन करा. तोवर सगळे ग्रुप निघून गेलेले असतात, गाळ निघालेला असतो आणि मग खरी यादी येते: गवंडी हवा, वायरिंग करणारा हवा, मुलांची वह्या-पुस्तकं हवीत. आम्ही ऑगस्टच्या शेवटी महाडला परत गेलो तेव्हा फावडी एकही लागली नाही, दोन इलेक्ट्रिशियन आणि एक शिलाई मशीन रिपेअर करणारे दादा नेले होते. त्या बचत गटाच्या काकूंसाठी एक कोरं रजिस्टर पण नेलं, आणि त्या बाराही जणी ओट्यावर बसून आठवून आठवून आपापले आकडे सांगत होत्या आणि आमची एक मुलगी लिहून घेत होती.